मद्रासचा वाढपी आणि त्याचे वेतन

मद्रासला जाऊन आलेला मराठी माणूस तेथील इडलीची आणि कॉफीची वाखाणणी करीत परततो. ती इडली पानावर वाढणाऱ्याला महिन्याकाठी काय मिळते, हे सहसा कोणी विचारीत नाही. दोन वेळचे जेवण आणि रात्री पथारी टाकण्यापुरती जागा, हाच पूर्वी पुष्कळ ठिकाणी त्याच्या वेतनाचा मोठा भाग असे.

याच शहरात 27 एप्रिल 1918 रोजी ‘मद्रास लेबर युनियन’ स्थापन झाली. तिचे अध्यक्ष बी. पी. वाडिया हे मूळचे मुंबईचे पारशी. बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांतील कामगारांची एक मुख्य तक्रार कोणती, तर दुपारी जेवायला दिलेली सुटी पुरत नाही! गिरणीत हजारो माणसे एकत्र उभी राहू शकत. उपाहारगृहातला नोकर बहुधा मालकाच्याच छपराखाली निजणारा. त्याने भांडावे कसे?

तेव्हा येथे कायद्यालाच पुढे यावे लागले. 1948 च्या किमान वेतन कायद्याच्या मूळ परिशिष्टात तंबाखू, कातडी कमावणे, भाताच्या गिरण्या, मळे असे धंदे होते, उपाहारगृहे नव्हती. परंतु परिशिष्टात भर घालण्याचा अधिकार राज्यांना होता, आणि तो त्यांनी वापरला. वेतन रोख द्यावे, हा त्या कायद्याचा सर्वसाधारण दंडक. आणि राहत्या जागेचे मोल वेतनात धरता येत नसे. पथारीचा हिशेब तेथे मिटला, निदान कागदावर तरी.

मालकवर्ग अर्थातच स्वस्थ बसला नाही. शेजारच्या म्हैसूर राज्याने 1967 साली हॉटेलांसाठी विभागवार दर ठरविले, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 1969 साली न्यायालयाने ते दर उचलून धरले आणि बजावले की, व्यापाराचे स्वातंत्र्य म्हणजे पिळवणुकीचे स्वातंत्र्य नव्हे.

तामिळनाडूत या वेतनातील महागाई भत्ता चेन्नई शहराच्या ग्राहक किंमत निर्देशांकाला बांधला गेला. म्हणजे चेन्नईच्या बाजारात तांदूळ नि उडीद महागले, की त्याचा हिशेब दूर तिरुनेलवेलीच्या वाढप्याच्या पगारातही उमटावयाचा. मोठी शहाणी तरतूद!

चेन्नईतच मात्र एक चमत्कारिक रेघ पडली. मीनांबक्कमला विमानतळ प्राधिकरणाच्या आवारात केर काढणाऱ्याला केंद्राने ठरविलेला दर, तर रस्त्यापलीकडे त्याच्यापुढे कॉफीचा पेला ठेवणाऱ्याला राज्याने ठरविलेला. तांदूळ दोघेही एकाच बाजारातून आणतात.