तळटीप : ऑलिव्हिए मेसियाँ

* ऑलिव्हिए मेसियाँ (१९०८–१९९२). जन्म आविन्यों येथे. १९३१ मध्ये पॅरिसच्या त्रिनिते चर्चमध्ये ऑर्गनवादक म्हणून रुजू झाले आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे साठाहून अधिक वर्षे, तिथेच वाजवत राहिले. ख्रिस्तजन्मावरील नऊ चिंतने (१९३५) ही त्यांची ऑर्गनरचना आजही जगभर वाजते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी त्यांना पकडले; ग्योर्लिट्झजवळच्या युद्धकैदी छावणीत त्यांनी व्हायोलिन, क्लॅरिनेट, चेलो आणि पियानो यांसाठी ‘काळाच्या अंतासाठी’ ही रचना पुरी केली. १५ जानेवारी १९४१ रोजी ती तिथेच प्रथम वाजली.

मराठी वाचकाने थांबावे ते मात्र पुढच्या गोष्टीपाशी. तरुण मेसियाँच्या हाती एका फ्रेंच संगीतकोशातून शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तील १२० देशी तालांची यादी आली. हा ग्रंथ तेराव्या शतकात यादवांच्या देवगिरीत, सिंघणाच्या आश्रयाने लिहिला गेला. त्यातल्या रागवर्धन तालात त्यांना २–३–२ असा तुकडा दिसला. तो उलटा वाचला तरी तोच राहतो! अशा लयबंधांवर त्यांनी आपले लयशास्त्र उभे केले. वरील छावणीतल्या रचनेच्या पहिल्याच भागात पियानो रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश हे तीन ताल एकापुढे एक जोडून सतत फिरवत राहतो. आपल्याकडच्या संगीतचर्चेत या दुव्याची नोंद क्वचितच घेतली जाते, म्हणून ही टीप लांबवली. तालांची नावे मेसियाँनी संस्कृतच ठेवली आहेत. – संपा.