काचेपलीकडचे जोशी

आमच्या अण्णांच्या फोनोची सुई बदलणं हे लहानपणी माझं काम. डबीतली नवी सुई चिमटीत धरून साउंडबॉक्सच्या तोंडात बसवायची, स्क्रू आवळायचा, चावी भरायची आणि लाखेच्या तबकडीवर हलकेच टेकवायची. आधी खरखर, मग जी. एन. जोशींची ‘शीळ’. कवी मेहकरचे ना. घ. देशपांडे. कवीही वकील, गाणाराही वकील! अण्णांना याचं फार कौतुक. १९३०च्या दशकातल्या या गाण्यापासून मराठी भावगीताची सुरुवात मोजतात. नाटकातल्या पदांवर पोसलेल्या कानांना घरबसल्या कविता ऐकायची गोडी जोशींनी लावली. त्यांच्याबरोबर द्वंद्वगीतं गाणाऱ्या गांधारी हनगल म्हणजे पुढच्या गंगूबाई.

हे सगळं पुष्कळांना ठाऊक असतं. पुढचं मात्र सांगावं लागतं. १९३८ साली जोशी एचएमव्ही या तबकड्यांच्या कंपनीत रेकॉर्डिंगचं काम बघायला गेले आणि मुंबईत तेच त्यांचं आयुष्य झालं. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांची. तासभर राग मांडणाऱ्या खाँसाहेबांना त्यात बसवायचं, तेही त्यांचा मान राखून. आलाप कुठे आवरायचा, तान कुठे घ्यायची, समेवर कधी यायचं, हे सांगायला समोर गाणाराच हवा. आता स्टुडिओच्या काचेपलीकडे बसणारे जोशी स्वतः मायक्रोफोनपुढे उभे राहिलेले होते. बडे गुलाम अली खाँ, बेगम अख्तर, अमीर खाँ या मंडळींना स्टुडिओत आणण्याच्या हकिगती त्यांनी ‘स्वरगंगेच्या तीरी’मध्ये लिहून ठेवल्या आहेत. किती आर्जवं, किती फेऱ्या! मला ते पुस्तक कुठल्याही घराण्याच्या इतिहासाइतकं मोलाचं वाटतं.

पुढे जास्त वेळ वाजणारी लाँगप्ले तबकडी आली आणि मिनिटांचा जाच सुटला. १९६७ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही जोशींची निर्मिती. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस: पहाटेला अहीर भैरव, शेवटी पहाडी. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार, तबल्यावर माणिकराव पोपटकर. तिघे मुख्य वादक तेव्हा ऐन उमेदीतले आणि मैफलीत संतूर-गिटारला अजून नाकं मुरडली जात होती. अशा वाद्यांवर कंपनीचा पैसा लावायला धाडस लागतं आणि कानही लागतो. तबकडी जगभर गेली. वादकांचं नाव झालं, ते रास्तच. निर्मात्याचं नाव मात्र आज संतूरप्रेमींनाही आठवत नाही, आणि हा अन्याय आहे असं मी स्पष्ट म्हणते.

तुमच्या घरी ही तबकडी असेल तर आज काढा. ऐकताना घरातल्या मुलांना चार नावं सांगालच, पाचवं जी. एन. जोशींचं सांगा.