शिरोवस्त्राचा इतिहास व आमच्या वृद्ध माता

ज्युबिलीच्या पुस्तिकेंत देऊळ केव्हां बांधलें, घंटा कोणी अर्पण केली, कोणकोणते धर्मगुरू येथें होऊन गेले, याचा वृत्तांत येणें योग्यच होय. परंतु पॅरिशचा इतिहास केवळ दगडचुन्यांत सांठविलेला नसतो. तो भाविकांच्या वापरांतील लहानसहान वस्तूंतही असतो. त्यांपैकीं एका वस्तूविषयीं आम्ही येथें चार शब्द लिहीत आहों. ती वस्तु म्हणजे देवळांत येतांना स्त्रिया डोक्यावर घेत तें शिरोवस्त्र होय.

हल्लीं पुष्कळ घरीं एक प्रकार घडतो. वृद्ध आजी जुन्या तऱ्हेचा जाळीचा स्कार्फ मागतात. नातवंडें दुकानामागून दुकानें पालथीं घालतात. दुकानदार गळ्याभोंवतीं गुंडाळावयाचे झगझगीत रेशमी रुमाल दाखवितात, आणि ते घरीं आणले तर आजी हात लावीत नाहींत. मग “म्हातारपणचा हट्ट” म्हणून गोष्ट हंसण्यावारीं नेली जाते. परंतु तो हट्ट नव्हे. त्या मागणीच्या मागें एकोणीस शतकांचा इतिहास उभा आहे.

संत पौलानें करिंथ येथील मंडळीस पहिलें पत्र लिहिलें, तें इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास. त्याच्या अकराव्या अध्यायांत प्रार्थनेच्या वेळीं पुरुषांनीं मस्तक उघडें ठेवावें व स्त्रियांनीं तें झांकावें असा उपदेश आहे. तिसऱ्या शतकाच्या आरंभीं कार्थेज नगरींतील तर्तुलियन यानें कुमारिकांनींही मस्तक झांकावें, असें प्रतिपादणारा एक स्वतंत्र प्रबंध लिहिला. ज्या गोष्टीविषयीं प्रबंध लिहावा लागतो, ती सर्वत्र एकसारखी पाळली जात नसावी हें उघडच आहे. म्हणजे या वस्त्राविषयींचा वाद आजचा नाहीं.

आतां आमच्या किनाऱ्याकडे वळूं. १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांच्या हातीं गेली व १७३९ सालीं मराठ्यांनीं ती घेतली. या दोनशें वर्षांत धर्मासमवेत वेषाचाही प्रश्न उभा राहिला. १७३६ सालीं गोव्याच्या इन्क्विझिशननें एतद्देशीय ख्रिस्ती पुरुषांस धोतर व स्त्रियांस चोळी मना केली. ही गोष्ट झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. पण हुकूम काढणारे गेले, आणि वसईच्या सामवेदी भगिनींचें तांबडें लुगडें राहिलें. आपल्या वेषांतच त्यांनीं प्रभूची उपासना केली. गोव्यांतही स्त्रिया पांढरी ओल मस्तकावरून घेऊन देवळांत जात. लुगडें नेसणाऱ्या स्त्रीस निराळें शिरोवस्त्र लागत नसे. पदर डोक्यावरून घेतला कीं काम भागे. पण जेथें लुगड्याच्या जागीं झगा आला, तेथें पदर गेला. मग मस्तकासाठीं वेगळें वस्त्र हवें झालें, आणि जाळीचा व्हेल किंवा हनुवटीखालीं गांठ मारावयाचा स्कार्फ कपाटांत आला.

ही चाल जुनी असली तरी तिला सार्वत्रिक कायद्याचें कलम मिळालें तें अलीकडे. पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनीं १९१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या व १९१८ सालीं अंमलांत आलेल्या धर्मसंहितेंत १२६२ वें कलम होतें. देवळांत स्त्रिया व पुरुष निरनिराळे बसावे हें इष्ट, पुरुषांचें मस्तक उघडें असावें, आणि स्त्रियांनीं, विशेषतः ख्रिस्तशरीर घेण्यास जातांना, मस्तक झांकावें व सभ्य पोषाख करावा, असा त्याचा आशय होता. म्हणून घाईंत स्कार्फ विसरलेली मुलगी हातरुमालच डोक्यावर ठेवून पुढें जाई.

दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळांत भरली. तिनें शिरोवस्त्राविरुद्ध कोणताही ठराव केला नाहीं. त्यानंतरच्या वर्षांत ही चाल आपोआप सुटत गेली. १९७६ सालीं रोमच्या धर्मतत्त्वविषयक मंडळानें एका पत्रकांत असें स्पष्ट केलें कीं, हा किरकोळ शिस्तीचा नियम असून आतां तो बंधनकारक राहिला नाहीं. पुढें पोप दुसरे जॉन पॉल यांनीं १९८३ सालीं नवी धर्मसंहिता दिली, तींत हें कलम नाहीं. तेव्हां आज मस्तक न झांकणारी स्त्री कोणत्याही नियमाचा भंग करीत नाहीं, हें निःसंशय समजावें.

परंतु कायदा एका दिवसांत रद्द होतो, सवय तशी होत नाहीं. ज्या मातेचा जन्म १९४० च्या सुमारास झाला, तिनें प्रथम ख्रिस्तशरीर घेतलें, लग्नाच्या शपथा उच्चारल्या, मुलांस बाप्तिस्म्यास आणलें, तें सारें झांकलेल्या मस्तकानें. नवी संहिता आली तेव्हां तिनें चाळिशी ओलांडली होती. ज्या वस्त्राखालीं तिनें आपल्या मृतांसाठीं अश्रू गाळले, तें जीर्ण होऊन फाटलें, तर उघड्या मस्तकानें वेदीपुढें जाण्यास तिचा पाय उचलत नाहीं. कोणी मागच्या बांकावर बसते, कोणी घरींच राहते. प्रथम ख्रिस्तशरीर घेणाऱ्या नातीसाठीं शुभ्र व्हेल हौसेनें आणला जातो. आजीसाठीं मात्र हातभर वस्त्र मिळूं नये, ही खेदाची गोष्ट आहे.

उपाय कठीण नाहीं. प्रथम आजीसच विचारावें: जाळी कीं मलमल, पांढरें कीं काळें, गांठ मारावयाचें कीं नुसतें सोडावयाचें? नायलॉनचें वस्त्र विरळ केंसांवरून घसरतें. सुती वस्त्र बरें बसतें. एक वार चौरस मलमल कोनांतून कापली तर दोन त्रिकोणी स्कार्फ होतात. कडा हातानें दुमडून शिवाव्या. जुन्या पेटींतली लेस असेल तर ती लावावी. टांचणी डोक्यास बोंचते, म्हणून आंतून एक लहान कंगवा टांकून द्यावा. दुकानें धुंडाळण्यांत जितका वेळ जातो, त्याहून कमी वेळांत हें काम होतें.

दोन गोष्टींपासून मात्र सांभाळावें. शिरोवस्त्र न घेणाऱ्या भगिनीकडे कोणी कमी भक्तीची म्हणून पाहूं नये, आणि तें घेणाऱ्या वृद्धेस कोणी हंसूं नये. आज्ञा उठल्यावर जें उरतें तें प्रेमानें उरतें, आणि प्रेमास हुकूम लागत नाहीं व बंदीही लागत नाहीं.

लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत ज्युबिलीचा नियम आहे: त्या वर्षीं प्रत्येकानें आपल्या वतनाकडे परत जावें. प्रिय धर्मबंधुभगिनींनो, आपल्या घरच्या वृद्ध मातेचें वतन देवळांतील तिच्या नेहमींच्या बांकावर आहे. या ज्युबिलीच्या वर्षीं तिचें शिरोवस्त्र तिच्या हातीं द्यावें, तिला हात धरून तेथवर न्यावें, आणि तिच्या प्रार्थनेंत आपलाही वांटा मागून घ्यावा.