पाटणच्या वहीतील नाव

सुरतेतील आपल्या जुन्या मराठी घरांत पैठणी सापडते, एखाद्या घरी महेश्वरीही सापडते. पटोळे मात्र विरळाच. आमच्या घरी ते १९६८ पर्यंत होते. त्यानंतर ते गेले, आणि ते पुन्हा घरी यावे म्हणून आम्ही पुढे पाटणच्या एका विणकराच्या वहीत नाव लिहून तीन वर्षे थांबलो. त्या मुदतीत जे वाचले, ऐकले आणि विचारले, ते येथे मांडीत आहोत.

आरंभी एवढा काळ थांबावे का लागते, ते सांगितले पाहिजे. साधारण साडीत नक्षी मागावर उमटते किंवा कापड विणून झाल्यावर छापली जाते. पाटणच्या पटोळ्यात ताणा आणि बाणा हे दोन्ही धागे विणण्यापूर्वीच ठिकठिकाणी बांधून, एकेका रंगात बुडवून, सोडून आणि पुन्हा बांधून रंगविले जातात. मागावर तांबड्या धाग्यावर तांबडाच धागा नेमका पडला तर फूल होते, केसभर सरकला तर डाग. म्हणून दोन माणसे एका तिरक्या मागावर बसून दिवसाला आठ-नऊ इंच विणतात आणि मधूनमधून सुईने धागा जागेवर आणतात. विणकाम महिन्याभराचे; बांधणे आणि रंगविणे मात्र कित्येक महिन्यांचे. सगळे मिळून एका साडीस चार ते सहा महिने लागतात. हे काम परंपरेने करणारी साळवी घराणी पाटणात आज बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. मागणी देशभरची आणि माग थोडे, तेव्हा वही भरत जाते. किंमत दीड-दोन लाखांपासून पुढे कितीही.

हे साळवी मूळचे कोठले? येथे आपल्या वाचकांनी कान टवकारावेत. परंपरा सांगते की ते जालन्याचे. अणहिलवाड पाटणचा सोळंकी राजा कुमारपाल (कारकीर्द इ. स. ११४३ ते ११७२) रोज पूजेस नवे पटोळे नेसत असे आणि ही वस्त्रे जालन्याहून येत. पुढे त्यास असे कळले की जालन्याचा राजा पटोळी आधी स्वतः अंथरूण म्हणून वापरतो आणि मगच विक्रीस पाठवितो. वापरलेले वस्त्र देवापुढे कसे नेसावे? कुमारपालाने जालन्यावर स्वारी केली आणि साळव्यांची सातशे कुटुंबे पाटणात आणून वसविली. ही आख्यायिका आहे आणि आख्यायिका म्हणूनच ती वाचावी. सातशे या आकड्यावर आमचा तरी विश्वास बसत नाही. परंतु एका राजाने केवळ नेसून जुने झालेले कापड नव्याच्या भावात गळ्यात पडले म्हणून युद्ध करावे, ही कल्पना ज्याने रचली त्यास बाजार चांगला ठाऊक असला पाहिजे. आपले साळी आणि त्यांचे साळवी हे शब्द शेजारी ठेवले की मराठी मनास आणखीही काही वाटते. आपल्यापेक्षा सहा-सात शतके आधी गुजरातेत आलेल्या या कुटुंबांच्या घरात आज मराठी नाही, माग आहे.

सुरत म्हटले की आपल्याला १६६४ आणि १६७० ही साले आठवतात. त्याच शतकात याच बंदरातून डच ईस्ट इंडिया कंपनीची गलबते पटोळी भरून जावा, सुमात्रा आणि त्यांच्या पलीकडील बेटांकडे जात. मसाल्याच्या व्यापारात स्थानिक राजांस खूश ठेवण्यासाठी पटोळ्यासारखी भेट नव्हती, म्हणून कंपनीने हा व्यापार आपल्या मुठीत ठेवण्याचा चंग बांधला होता. कतारगाम दरवाज्याजवळचे डच कबरस्तान आपण सर्वांनी पाहिले आहे. ते घुमट उभारणाऱ्यांच्या संपत्तीत या वस्त्राचाही वाटा होता. जावाच्या दरबारांत पटोळे राजघराण्याचे आणि सरदारांचे वस्त्र ठरले. दूरच्या बेटांवर ते कुलदैवतासारखे पेटीत राहिले, विधीपुरते बाहेर निघाले आणि पिढ्यान्‌पिढ्या नेसून, पांघरून विरले तरी टाकले गेले नाही. ज्यांना खरे परवडत नव्हते त्यांच्यासाठी गुजरातचे छापणारे सुती कापडावर पटोळ्याची नक्षी ठोकून तेच जहाजावर चढवीत. आज सुरतेच्या कापडबाजारात पॉलिएस्टरवर छापलेले ‘पटोला’ गठ्ठ्यांनी मिळते. त्यावर नाक मुरडणाऱ्यांनी ही जुनी वंशावळ ध्यानात घ्यावी.

विसाव्या शतकात बेटांवरील ती जुनी पटोळी संग्राहकांच्या हाती आली आणि परदेशी संग्रहालयांत गेली. इकडे अहमदाबादेस १९४९ साली कॅलिको संग्रहालय निघाले. जुन्यास मोल आले, तेव्हा गुजरातेतील घराघरांत दलाल फिरू लागले.

आमच्या घरचे पटोळे आजोबांनी आणले होते. पाटण तेव्हा बडोदे संस्थानच्या कडी प्रांतात होते आणि आजोबा तेथे महसूल खात्यात कारकून होते. कारकुनाच्या पगारात नवे पटोळे येत नसते. गाव सोडून जाणाऱ्या एका कुटुंबाकडून त्यांनी ते नेसलेलेच घेतले. पान भात होती (गुजरातीत भात म्हणजे नक्षी). कुमारपालास जे नको होते नेमके तेच आमच्या आजीने उभ्या जन्मात चार-पाच मंगलकार्यांत मिरविले. ऑगस्ट १९६८ च्या तापीच्या पुरात ते दोन दिवस गाळाखाली राहिले. आम्ही अकरा वर्षांचे होतो. आजीने ते धुऊन माडीवर वाळत घातले तेव्हा एक कोपरा कुजलेला होता, पण रंग जसाच्या तसा होता. पटोळे फाटेल, त्याची नक्षी पुसणार नाही, या अर्थाची गुजराती म्हण आम्ही प्रथम त्या दिवशी शेजारणीच्या तोंडून ऐकली. घराची भिंत पडली होती. वडिलांनी ते एका दलालास विकले, भिंत उभी राहिली, आणि आजी त्यावर एक शब्दही बोलली नाही.

२००७ साली आमची पाटण जिल्ह्यात बदली झाली, तेव्हा कन्येच्या विवाहासाठी म्हणून वहीत नाव लिहविले. विवाह २००९ मध्ये ठरला. पाळी आली नव्हती. मग एका व्यापाऱ्याने ‘शंभर वर्षांचे’ पटोळे नव्याहूनही चढ्या भावात दाखविले. सरकारी नोकरीत कागद पालथा घालून पाहण्याची सवय लागते. ताणा पाहिला, तो एकरंगी होता. रंगविलेला बाणा तेवढा घातलेले, राजकोट पद्धतीचे ते कापड होते. राजकोटच्या कामास आम्ही हिणवीत नाही. तेथे राष्ट्रीय शाळेने ही विद्या शिकवून कित्येकांस पोटापाण्यास लावले. पण ते राजकोटचे म्हणूनच विकावे. शिवाय वस्तू खरोखरच शंभर वर्षांची असेल, तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे तिच्या व्यापारास परवाना लागतो आणि ती खाजगी रीतीने देशाबाहेर नेता येत नाही. हे सांगताच गृहस्थांनी घडी घातली.

पाळी २०१० मध्ये आली. निरोप कळताच मुंबईच्या एका नातलगांनी सुचविले की, आपले नाव आम्हांस द्यावे, वर दीडपट घ्यावे. हिशेब सरळ होता. पण त्या वरच्या रकमेतील एक पैसाही, सुई घेऊन धागा सरकविणाऱ्याच्या हाती पडणार नव्हता. आम्ही केवळ रांगेत उभे राहिल्याचे ते मोल होते. जुन्या वस्त्राच्या विक्रीस आमचा विरोध नाही, आमची भिंत त्यावरच उभी राहिली. न विणलेल्या वस्त्राची विक्री मात्र आमच्या गळी उतरेना. नातलग आजही किंचित अढी धरून आहेत.

विणकरांनी भात कोणती हवी, ते विचारले. आम्ही काही बोलण्याआधीच सौभाग्यवतींनी पान भात सांगितली. पटोळे घरी आले तेव्हा कन्येने ते प्रथम स्वतः नेसले नाही. त्र्याऐंशी वर्षांच्या आमच्या आईच्या खांद्यावर घातले. आईने पदराचा कोपरा, १९६८ साली कुजला होता तोच, बोटांनी चाचपून पाहिला.