तपशील : सांध्याचा आणि जिभेचा

'तपशीलवार सांगा' असे तलाठ्यापासून न्यायाधीशापर्यंत सगळेच म्हणतात. हा शब्द अरबी 'तफसील'वरून मराठीत आला, हे फार थोड्यांच्या लक्षात असते. त्याचे मूळ फे-स्वाद-लाम या तीन अक्षरांत आहे. मूळ अर्थ वेगळे करणे.

याच धातूपासून 'मफसिल' म्हणजे शरीरातला सांधा. अक्षरे तीच ठेवून केवळ स्वर बदलले की होते 'मिफसल', म्हणजे जीभ. तेराव्या शतकात इब्न मंजूर यांनी रचलेल्या 'लिसानुल अरब' या कोशात दोन्ही शब्द आहेत. हाड हाडापासून वेगळे असते म्हणून हात वाकतो. शब्द शब्दापासून वेगळा उच्चारला तरच अर्थ कळतो. लॅटिनमध्येही 'आर्टिक्युलस' म्हणजे लहान सांधा; त्यातूनच स्पष्ट बोलण्यासाठीचा इंग्रजी 'आर्टिक्युलेट' आला.

कुरआनच्या ३८व्या सूरेत हजरत दाऊद (अ.) यांना 'फस्लुल खिताब', म्हणजे निवाडा करणारी वाणी, दिल्याचा उल्लेख आहे. ४१व्या सूरेचे नावच 'फुस्सिलत' आहे. 'सहीह मुस्लिम'मधील एका हदीसमध्ये माणसाच्या ३६० सांध्यांचा हिशेब अल्लाहच्या स्मरणाशी, सत्कर्माच्या उपदेशाशी आणि वाटेवरचा काटा दूर करण्याशी जोडला आहे.

११७९च्या सुमारास इब्न रुश्द यांनी शरीअत आणि तत्त्वज्ञान यांच्या नात्यावर ग्रंथ लिहिला. त्याच्या पूर्ण नावात 'फस्ल' आहे आणि 'इत्तिसाल', म्हणजे जोडणे, हेही आहे. सांध्याचा धर्म हाच : तो वेगळे ठेवतो आणि जोडतोही.

मराठीत या घराण्याचे 'फैसला' आणि 'तपशील' नांदले. निजामी मराठवाड्याच्या महसुली दप्तरात 'फसली' साल चालले. शिवकाळातील राज्यव्यवहारकोशाने दरबारी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ झाली. तरीही 'तपशील' टिकला. आज तो कोणालाच परका वाटत नाही.

आपल्याला मात्र अजून विचारले जाते, 'तुम्ही मुसलमान, मग मराठी इतकी स्वच्छ कशी?' विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्याला एवढेच सांगावे, की ज्या शब्दाने तुम्ही माझ्याकडे खुलाशाचा तपशील मागता, तो शब्द आपल्या दोघांच्या भाषेतला सांधा आहे. सांधा काढून टाकला तर हात शुद्ध होत नाही, लुळा पडतो.