पोटचे मूल आणि पोलीस चौकी

नवराबायकोचे पटेनासे होते, दोघे वेगळी राहू लागतात, आणि एके दिवशी बाप मुलाला आपल्या बिऱ्हाडी घेऊन जातो, किंवा आई त्याला कडेवर घेऊन माहेरची वाट धरते. मागे राहिलेल्याच्या जिवाची तगमग होते. वकील दूर असतो, न्यायालयाची पायरी त्याहून दूर. जवळ असते ती पोलीस चौकी. तेथे फिर्याद लिहिली जाते ती ‘मूल पळवून नेले’ अशा शब्दांत. हे शब्द एकदा कागदावर उतरले की काल घराच्या चार भिंतींत असलेला तंटा आज सरकार विरुद्ध आरोपी असा खटला होऊन बसतो. आईबापांच्या भांडणाला असे रूप यावे, अशी कायद्याची योजना होती काय? गेल्या दीड-पावणेदोन शतकांचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी देतो.

मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८३७ साली ज्याचा मसुदा तयार केला, तो भारतीय दंडविधान १८६० साली मंजूर झाला आणि १८६२ च्या जानेवारीपासून अंमलात आला. त्यातील ३६१ वे कलम अज्ञान मुलाला कायदेशीर पालकाच्या ताब्यातून नेण्याविषयीचे होते. आरंभी मुलग्याच्या बाबतीत वयोमर्यादा चौदा वर्षांची व मुलीच्या बाबतीत सोळा वर्षांची होती; १९४९ साली ती अनुक्रमे सोळा व अठरा झाली. परंतु या कलमाला जोडूनच एक अपवाद होता. मुलाचा ताबा आपल्याला मिळण्याचा हक्क आहे असे जो सद्भावनेने मानतो, त्याने मूल नेले तर तो या गुन्ह्यास पात्र होत नाही. मात्र त्याचा हेतू अनैतिक किंवा बेकायदेशीर असता कामा नये. खुद्द इंग्लंडात १८६१ साली झालेल्या कायद्यातही मुलावर हक्क सांगणाऱ्याला मूल चोरण्याच्या आरोपातून वगळलेले होते. पुढे १९३२ साली अमेरिकेत विख्यात वैमानिक लिंडबर्ग याचे तान्हे मूल पळविले गेले आणि सारा देश हादरला. त्या क्षोभातून जो कडक कायदा जन्मास आला, त्यानेही अज्ञान मुलाला नेणाऱ्या जन्मदात्यास आपल्या कक्षेबाहेर ठेवले.

या अपवादामागील विवेक सरळ आहे. चोराने नेलेली वस्तू कोणाची, हे फौजदाराला ठरवता येते. मूल कोणाचे, या प्रश्नाला मात्र दोन खरी उत्तरे असतात. दोघांचीही माया खरी, दोघांचाही दावा खरा. ज्या प्रश्नाचा निवाडा करायला महिनोन्महिने साक्षीपुरावा लागतो, तो ठाण्यावरील अंमलदाराने तासाभरात सोडवावा अशी अपेक्षा करणे हा त्याच्यावरही अन्यायच होय.

तथापि केवळ अपवादाने न्याय होत नाही, हेही इतिहासच सांगतो. १८०४ साली लंडनमध्ये विभक्त राहणाऱ्या एका बापाने आठ महिन्यांचे अंगावर पिणारे मूल आईपासून हिसकावून नेले, आणि न्यायालयाने बापाचाच हक्क मान्य केला. कॅरोलिन नॉर्टन या लेखिकेची तीन मुले तिच्या पतीने १८३६ साली तिच्यापासून तोडली, तेव्हा तिने लेखणी उचलली. तिच्या झुंजीमुळे १८३९ चा कायदा झाला आणि सात वर्षांखालील मुलाच्या ताब्यासाठी आईला न्यायालयात दाद मागता येऊ लागली. फौजदारीचे दार बंद ठेवायचे तर दिवाणीचे दार उघडे हवे, हा त्या संघर्षाचा धडा. हिंदुस्थानात १८९० च्या पालक व पाल्य कायद्याने ते दार उघडले. जिल्हा न्यायालयाने मुलाचे हित पाहून पालक नेमावा व ताबा द्यावा, अशी ही व्यवस्था आजही लागू आहे.

पुढे कुटुंबाचे स्वरूप पालटले. बडोदे संस्थानाने १९३१ साली हिंदूंना घटस्फोटाचा कायदा दिला. १९५५ साली तो हक्क देशभरच्या हिंदूंना मिळाला. १९५६ च्या कायद्याने बापाला नैसर्गिक पालक म्हटले आणि त्याच्यानंतर आईला; पाच वर्षांखालील मूल मात्र सामान्यतः आईपाशी असावे असे सांगितले. यातील ‘नंतर’ या शब्दाचा अर्थ ‘बापाच्या मृत्यूनंतर’ एवढाच नव्हे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली दिला आणि आईचे पालकत्व बापाच्या हयातीतही मान्य झाले. १९८४ साली कौटुंबिक न्यायालयांचा कायदा झाला. परंतु या न्यायालयांतील तारखा लांबत गेल्या, आणि ज्याला आज मूल भेटावयाचे आहे त्याला सहा महिन्यांनंतरची तारीख म्हणजे नकारच वाटू लागला. चौकीची वाट रुळली ती या विलंबामुळे. फिर्याद झाली की पोलीस दाराशी जातात, घाबरलेली माणसे मूल सोडून देतात. कायद्याने न दिलेला ताबा धाकाने मिळतो.

न्यायालयांनी ही वाट वेळोवेळी अडविली आहे. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असे एक प्रकरण आले. विभक्त दांपत्याच्या मुलीला बापाने आजोळहून नेले, म्हणून आजोबांनी फिर्याद केली होती. बाप हा नैसर्गिक पालक असल्याने मूल पळविल्याचा गुन्हा होत नाही, असे न्यायालयाने ठरविले. त्याच वेळी ताब्याचा प्रश्न पक्षकारांच्या हक्कांवरून सुटत नाही, मुलाच्या हितावरूनच सुटतो, हेही बजावले. दुसरी पळवाट होती झडतीच्या वॉरंटाची. बेकायदा डांबून ठेवलेल्या माणसाला सोडविण्यासाठी फौजदारी प्रक्रिया संहितेत ९७ वे कलम होते. त्याचा आधार घेऊन मूल परत आणण्याचा प्रयत्न एका आईने केला. स्वतःच्या बापाजवळ राहणारे मूल डांबलेले म्हणता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली स्पष्ट केले.

२०२३ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. बापाने तीन वर्षांच्या मुलाला आईपासून नेले, म्हणून त्याच्यावर ३६३ व्या कलमाखाली गुन्हा नोंदविला गेला होता. सक्षम न्यायालयाने मनाई केलेली नसेल तर बापही कायदेशीर पालकच असतो, त्यामुळे एका पालकाकडून दुसऱ्या पालकाकडे गेलेले मूल ‘पळविलेले’ होत नाही, असे सांगून खंडपीठाने तो गुन्हा रद्द केला. १ जुलै २०२४ पासून दंडविधानाची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या १३७ व्या कलमात मुलगा व मुलगी दोघांसाठीही मर्यादा अठरा वर्षांची झाली. जुना अपवाद मात्र तसाच राहिला.

मुलाच्या ताब्याबाहेरच्या कौटुंबिक फिर्यादींतही हाच अनुभव आला. हुंड्यापायी विवाहितांचे जीव जात होते, त्या काळात, १९८३ साली, ४९८-अ हे कलम दंडविधानात आले. त्याची गरज निर्विवाद होती. पण त्याच्या अंमलात अटक हीच पहिली पायरी झाली. एकट्या २०१२ साली या कलमाखाली १,९७,७६२ व्यक्तींना अटक झाली, त्यांत ४७,९५१ स्त्रिया होत्या. आरोपपत्रांचे प्रमाण शेकडा ९३.६ होते, शिक्षेचे अवघे १५. हे आकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या जुलैमधील निकालात नमूद केले आणि अटकेपूर्वी तिची गरज तपासून कारणे लिहून ठेवण्याचे बंधन पोलिसांवर घातले. अटकेचा अधिकार असणे वेगळे आणि अटकेला समर्थन असणे वेगळे, हे तत्त्व तर १९९४ सालीच सांगून झाले होते. २०१३ साली घटनापीठाने दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदविणे सक्तीचे केले, तेव्हाही वैवाहिक व कौटुंबिक तंट्यांत आधी प्राथमिक चौकशी करण्यास मुभा ठेवली.

यावरून पोलिसांनी घरातल्या तक्रारींकडे पाठ फिरवावी, असा अर्थ कोणी काढू नये. ‘ही तुमची घरगुती बाब’ असे सांगून मार खाल्लेल्या कित्येक स्त्रियांना चौकीवरून परत पाठविले गेले आहे. २००५ चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा करावा लागला तो अशाच अनुभवांपायी. शिक्षा कमी झाल्या म्हणून फिर्यादी खोट्या होत्या, असेही म्हणता येत नाही; साक्षीदार फुटतात, समेट होतात, तपास ढिला राहतो. मुलाच्या जिवाला धोका असेल, किंवा न्यायालयाचा हुकूम मोडून त्याला नेले असेल, तर पोलिसांनी क्षणाचाही विलंब लावता कामा नये. प्रश्न आहे तो हा भेद ओळखण्याचा. मूल कोठे आहे, सुखरूप आहे काय, ताब्याबद्दल एखादा हुकूम आहे काय, एवढे तीन प्रश्न विचारायला कोठडीची गरज पडत नाही.

आणि ज्याच्या नावाने हे सारे चालते, त्या मुलाचे काय? भांडण मिटेल, खटला रद्द होईल, कागद दप्तरात बांधले जातील; पण आपल्या बापाला किंवा आईला शिपाई घेऊन जात असताना उंबऱ्यात उभ्या राहिलेल्या चार वर्षांच्या पोराच्या मनावर उमटलेले चित्र कोणत्याही न्यायालयाला पुसता येणार नाही. १८६० च्या कायदेकारांनी एका अपवादाच्या वाक्यात जी मर्यादा आखली, ती पाळली तर ते पोर उंबऱ्यातून घरात परत येईल. न पाळली, तर जप्तीच्या मालाप्रमाणे पंचनाम्यातील एक नोंद होऊन राहील.