कांडी डेन्मार्कची, नाव फ्रान्सचं

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर द्रवरूप नायट्रोजनच्या डब्यातून चिमट्याने जी बारीक कांडी उचलतात, तिला सरकारी कागदांत ‘फ्रेंच मिनी स्ट्रॉ’ म्हणतात. लांबी १३३ मिलिमीटर, जाडी २ मिलिमीटर, आत पाव मिलिलिटर गोठीत रेत आणि त्यात वळूचे सुमारे दोन कोटी शुक्रजंतू. कोमट पाण्यात, ३७ अंशांवर, अर्धा मिनिट धरली की ती वापरायला तयार होते. पुण्यात गायीसाठी वापरा, गडचिरोलीतल्या सूरजागडच्या डोंगराखाली म्हशीसाठी वापरा, कांडी हीच. तिच्या नावातलं ‘फ्रेंच’ मात्र मला मान्य नाही. ही कांडी डेन्मार्कची आहे, आणि तिचा पहिला अवतार शेतातल्या काडाचा होता.

हा दुवा मला सापडला तो कॉर्नेल विद्यापीठातले प्रजननशास्त्रज्ञ रॉबर्ट फूट यांनी २००२ साली लिहिलेल्या कृत्रिम रेतनाच्या इतिहासात. फूट लिहितात की, डॅनिश पशुवैद्य एडवर्ड सॉरेन्सन यांनी रेत भरायला आधी ओट या धान्याच्या पोकळ काड्या वापरल्या. पुढे त्यांच्या मुलीच्या वाढदिवसाला आलेली मुलं सेलोफेनच्या नळ्यांनी सरबत ओढत होती. ते पाहून सॉरेन्सन यांना वाटलं, रेत भरायला हीच नळी हवी. फूट यांना हे खुद्द सॉरेन्सन यांनीच सांगितलं होतं.

वाढदिवसाची ही गोष्ट गोड आहे, त्यामुळे सांगणारे तिथेच थांबतात आणि कांडीचं सगळं श्रेय सरबताला देतात. मला ते पटत नाही. सेलोफेनच्या आधी ओटची काडी होती, म्हणजे कल्पनाही आधीच होती. वाढदिवसाने दिलं ते फक्त नवं साहित्य. मग मूळ प्रश्न असा की, काचेच्या नळ्या आणि पिचकाऱ्या हाताशी असताना एका पशुवैद्याला काडीत रेत भरावंसं वाटलंच का?

त्याचं उत्तर माझ्या मते गायीच्या शरीरात आणि डॅनिश पशुवैद्यांच्या डाव्या हातात आहे. १९३६ साली साम्सो नावाच्या बेटावर सॉरेन्सन आणि गिलिंग-होल्म यांनी शेतकऱ्यांची पहिली कृत्रिम रेतन सहकारी संस्था उभी केली. पहिल्या वर्षी १,०७० गायी नोंदल्या गेल्या आणि त्यांतल्या ५९ टक्के गाभण राहिल्या. त्याच कळपांत वळूकडून जेवढ्या राहत, त्यापेक्षा हा आकडा थोडा वरच होता. याच सुमारास डॅनिश पशुवैद्यांनी आणखी एक रीत बसवली. एक हात गुदमार्गातून घालून गर्भाशयाचं मुख बाहेरून पकडायचं आणि दुसऱ्या हाताने नळी त्या मुखातून थेट आत न्यायची. आज आपल्याकडचा प्रत्येक पशुधन पर्यवेक्षक हेच करतो. आधी योनिमार्गात योनिदर्शक (स्पेक्युलम) घालून रेत सोडत, ते बरंचसं वाया जाई आणि जास्त लागे. मुखाच्या आत सोडायचं म्हटल्यावर ते थेंबांत मोजण्याइतकं कमी पुरू लागलं. एका वळूच्या एका वेळच्या रेतातून कितीतरी गायी भरवता येऊ लागल्या, आणि तेव्हाच एका गायीपुरतं रेत वेगळं बांधून ठेवायचं कसं हा प्रश्न उभा राहिला. घोटभर रेत बाटलीत ठेवता येतं. थेंबभर रेत बाटलीत ठेवलं तर अर्धं काचेलाच चिकटून राहतं. त्याला बारीक, पोकळ, एकदा वापरून टाकून देण्याजोगी वस्तू हवी होती.

ओटची काडी अशीच असते. प्रत्येक पेराशी ती आतून भरीव असते, म्हणजे एका टोकाला बूच निसर्गानेच बसवलेलं. धानाच्या तणसावर जनावरं पोसणाऱ्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. धानाचं काडही आतून असंच असतं. डेन्मार्कच्या गोठ्यांत ओटचं काड पायाखाली पडलेलं असे. सॉरेन्सन यांनी ते तिथूनच उचललं असणार. तपासनळी आणि पिचकारी प्रयोगशाळेतून गोठ्यात गेली. कांडीचा प्रवास गोठ्यातून प्रयोगशाळेकडे झाला. म्हणून वाढदिवसाच्या कथेपेक्षा मी साम्सो बेटाला आणि गर्भाशयाचं मुख पकडणाऱ्या त्या हाताला जास्त वजन देतो.

फ्रेंचांचा दावा कशावर उभा आहे, हेही पाहिलं पाहिजे. नॉर्मंडीतल्या लेगल गावच्या रोबेर कासू यांनी १९६३ मध्ये कंपनी काढली आणि प्लास्टिकच्या कांड्या कारखान्यात बनवायला सुरुवात केली. एका टोकाला सुताची दोन बुचं आणि त्यांच्यामध्ये एक भुकटी. रेत भरताना ती भिजते, घट्ट होते आणि नळी आपोआप बंद होते. ही युक्ती कासूंचीच. कांडी बसवून रेत सोडायची सळई, जिला आपल्याकडे ‘गन’ म्हणतात, तीही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. हे श्रेय मोठं आहे, पण ते कारखानदाराचं आहे. ज्याने वस्तू जगभर विकली त्याच्या देशाचं नाव तिला चिकटलं, एवढंच. फूट यांनीही हाच आक्षेप घेतला आहे.

दरम्यान रेत गोठवण्याचा प्रश्न सुटला होता, आणि तोही उसन्या वस्तूनेच. १९४९ मध्ये लंडनच्या मिल हिल प्रयोगशाळेत ख्रिस्तोफर पोल्ज, ऑड्री स्मिथ आणि ॲलन पार्क्स कोंबड्याचं रेत साखरेच्या द्रावणात गोठवून पाहत होते. शुक्रजंतू मरत होते. मग शीतपेटीतल्या एका बाटलीतल्या द्रावणाने ते अचानक जगू लागले. बाटलीत साखर नव्हतीच. तपासणीत निघालं ग्लिसरॉल आणि अंड्यातला पांढरा बलक, म्हणजे ऊतींचे काप काचपट्टीवर चिकटवायचं मिश्रण. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. तेव्हापासून आजवर गोठीत रेतात ग्लिसरॉल आहे. अंड्याचा पिवळा बलक तर त्याच्याही आधी, १९४० च्या सुमारास, अमेरिकेत फिलिप्स आणि लार्डी यांनी रेत पातळ करायला आणला होता. थंडीच्या धक्क्यातून शुक्रजंतूंचं वेष्टन वाचवण्याचं काम तो करतो.

गोठवलेलं रेत भरायला दोन प्रतिस्पर्धी होते. अमेरिकेत काचेच्या कुप्या होत्या, जपानमध्ये कोरड्या बर्फावर थेंब टाकून केलेल्या गोळ्या. कुपी जाड, त्यामुळे आतलं रेत एकसारखं गोठत नाही, आणि डब्यात जागाही फार खाते. गोळी स्वस्त, पण उघडी. तिच्यावर वळूचं नाव लिहायचं कुठे? बारीक कांडी सगळीकडून सारखी गोठते, सारखीच वितळते आणि अंगावर वळूचा क्रमांक, जात, तारीख बाळगते.

भारतातला इतिहास बहुतेकांना माहीत आहे. १९३९ मध्ये म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत संपत कुमारन यांनी हल्लीकर गायींवर पहिला प्रयोग केला, १९४२ मध्ये इज्जतनगरला काम सुरू झालं, १९४३ मध्ये अलाहाबादला कृत्रिम रेतनातून म्हशीचं पहिलं पिल्लू जन्मलं. महाराष्ट्रात मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला बाएफ सुरू केली आणि दारात येऊन गाय भरवून देण्याची पद्धत रुजवली. आता राज्याचं पशुधन विकास मंडळ पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या प्रयोगशाळांतून रेत पुरवतं.

सूरजागडला पोचल्यावर मात्र प्रश्न बदलतो. कांडी टिकते उणे १९६ अंशांत, म्हणजे डब्यात नायट्रोजन असेपर्यंत. तो सतत उडून जातो आणि वेळच्या वेळी भरावा लागतो. त्याहून अवघड आहे माज ओळखणं. गाय-म्हैस साधारण २१ दिवसांनी माजावर येते आणि तो माज एखाद्या दिवसात ओसरतो. त्याच भागातल्या एटापल्लीकडची गुरं सकाळी आखरावर जमतात आणि गायकीमागे, म्हणजे गुराख्यामागे, जंगलात जातात. गाय तिथे बळस टाकते, दुसऱ्या गायीवर चढते, ते दिसतं गायकीला. मालकाला ते संध्याकाळी कळलं तर कळलं. म्हशीचं तर आणखी कठीण, कारण तिचा माज पुष्कळदा मुका असतो, रात्री येतो आणि उन्हाळ्यात दबून जातो. कळपात फिरणारा वळू किंवा हेला हे सगळं वासाने ओळखतो. कांडीला ते ओळखून देणारा माणूस लागतो. म्हणून या भागात रेतनाचं प्रशिक्षण द्यायचं तर पहिला हक्क गायकीचा आहे असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. कांडीचा सगळा प्रवास दुधासाठी झाला. साम्सोचे शेतकरी लोणी विकणारे, उरुळीकांचनचे दूध विकणारे. इथल्या माडिया आदिवासींच्या गावांत मात्र परंपरेने गाय दोहत नाहीत, दूध वासराचं. तिथे गाय पाळायची ती गोऱ्ह्यासाठी, चिखलणीला आणि गाडीला जुंपायच्या बैलासाठी. या भागातली कठाणी गाय, जिच्या नावात गडचिरोलीची कठाणी नदी आहे, अंगाने लहान, धानाच्या बांधीतल्या चिखलात टिकणारी. तिला स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय मान्यता मिळाली ती अलीकडेच. अशा लहान चणीच्या गायीला होल्स्टीनची कांडी दिली तर वासरू मोठं होतं, वेत अडतं आणि गाय जिवाला मुकू शकते.

आणि आता लिंगनिश्चित रेताच्या कांड्या आल्या आहेत, ज्यांतून दहापैकी साधारण नऊ कालवडी जन्मतात. दुधाच्या पट्ट्यात हे वरदान आहे. सूरजागडच्या शेतकऱ्याची गरज बरोबर उलटी आहे. ज्या यंत्राने मादी देणारे शुक्रजंतू वेगळे काढता येतात, त्यानेच नर देणारेही काढता येतात. तत्त्वात काही अडचण नाही. अडचण मागणीची आहे, ती कोणी नोंदवतच नाही. कठाणी जातीच्या निवडक वळूंचं रेत नागपूरला भरावं, त्यातल्या काही कांड्या गोऱ्ह्यांसाठी वेगळ्या काढाव्यात आणि एटापल्ली, भामरागडच्या दवाखान्यांत आधी त्या ठेवाव्यात. साम्सोत पहिल्याच वर्षी सॉरेन्सन यांनी तिथल्याच गायी आणि तिथल्याच शेतकऱ्यांची गरज धरून काम केलं होतं. एटापल्लीतही सुरुवात तशीच करता येईल.